३४ ते ४० फुटी क्रूझिंग सेलबोट पारखताय? या चुका टाळा

सेलबोट बघायला जाताना लोक हल्ली मोबाईलमध्ये चार आकडे काढूनच जातात, डिस्प्लेसमेंट (बोटीचं वजन), शिडांचं क्षेत्रफळ, बॅलास्ट (बोट उभी ठेवणारं तळाचं वजन), कॅप्साइज नंबर (उलटण्याच्या धोक्याचा अंदाज) वगैरे, आणि त्यात वाईट काहीच नाही, उलट चांगलंय. अडचण अशी की ते आकडे ज्या बोटीचे असतात ती बोट प्रत्यक्षात समुद्रात कधी जातच नाही. पाण्याच्या टाक्या रिकाम्या, डिझेल नाही, नांगराची साखळी नाही, माणसं नाहीत, डबे-भांडी-हत्यारं काही नाही, अशी यार्डातून नुकतीच बाहेर काढलेली बोट ती. तुम्ही चालवणार ती भरलेली बोट, बहुतेक वेळा दोघंच जण, रात्री, थकलेले, शिडं चार-पाच वर्षं जुनी आणि बुडाला शेवाळ. म्हणून बोट पारखताना प्रत्येक आकड्याला आणि प्रत्येक चाचणीला एकच प्रश्न विचारायचा, हे रिकाम्या बोटीचं आहे की भरलेल्या? खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या निम्म्याहून जास्त याच एका प्रश्नावर येऊन थांबतात.

समजायला सोपं जावं म्हणून दोन बोटी धरून चालू. एक रस्टलर ३६, इंग्लंडची जुन्या धाटणीची लाँग कील (बुडाखाली लांबवर पसरलेला कणा) बोट, हीच बोट घेऊन भारताचे अभिलाष टॉमी २०२२ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत, उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. दुसरी कुठल्याही एका कंपनीची नाही, आजकालची साधारण ३८ फुटी प्रॉडक्शन बोट, मागून रुंद, फिन कील (बुडाखाली अरुंद, खोल पातं), स्पेड रडर (मागे सुटं लटकणारं सुकाणू), चार्टरला ग्रीस-क्रोएशियाला गेलात तर जी हातात मिळते तसली. तिची वॉटरलाइन ३५ फूट, रुंदी १३ फूट, वजन १५,००० पाउंड धरू.

लांबी विचारताना चुकीची लांबी विचारणे

जाहिरातीत लिहिलेली लांबी बघून बोटीचा वेग ठरवू नका. त्यात बोस्प्रिट (पुढे आलेला दांडा), पोहायचा प्लॅटफॉर्म, पुढचा अँकर रोलर सगळं धरलेलं असू शकतं. वेगासाठी बघायची ती वॉटरलाइन, म्हणजे पाण्यात टेकलेली लांबी. वॉटरलाइनचं फुटातलं वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा, येईल तो साधारण हल स्पीड, म्हणजे बोटीचा साधारण कमाल वेग, नॉटमध्ये (तासाला सागरी मैल). रस्टलर ३६ एकूण ३५ फूट ४ इंच आहे पण वॉटरलाइन जेमतेम २७ फूट, म्हणजे ७ नॉटच्या आसपास. आपल्या ३८ फुटीचा येतो ७.९. कागदावर फरक जवळजवळ एका नॉटचा, आणि तो खरा पण आहे, पण पूर्ण खरा नाही, कारण पुढेमागे लांब ओव्हरहँग (पाण्यावर झुकलेलं टोक) असलेली जुनी बोट कलली की तिची वॉटरलाइन वाढते आणि ती गणितापेक्षा थोडी पुढे जाते.

मोठी चूक याच्यापुढची आहे. लोक हा हल स्पीड धरून प्रवास आखतात. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, भागिले ७.९, म्हणजे २९ तास, म्हणजे आज सकाळी निघालो की उद्या दुपारी मांडवीत. असं होत नाही हो. वारा पडतो, समोरून येतो, मच्छीमारांची जाळी चुकवत वळसे घ्यावे लागतात, रात्री शीड कमी करून जावं लागतं. क्रूझिंगला ५ नॉट सरासरी धरा, मग हेच अंतर ४५ तासांचं होतं, म्हणजे दोन रात्री, आणि दोन रात्री म्हणजे झोपेची पाळी, जेवण, कोण कधी हेल्मवर (सुकाणूवर), सगळा हिशोबच बदलतो. मुंबईत कुलाब्याला सागवानात बांधलेल्या सुहैलीवर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ३१२ दिवस, ३०,००० मैलांवर, सरासरी पडली ४ नॉटच्या जवळपास. ९ जण निघाले होते, पूर्ण करणारे ते एकटेच. त्यामुळे बोट संथ आहे एवढ्यावर तिला बाद करू नका, ती रोज किती मैल न मोडता काढून देते ते बघा.

वजनाचा हिशोब न करणे, सगळ्यात महाग चूक

इथे जरा थांबून वाचा कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

३८ फुटीत लांबच्या प्रवासाला काय चढतं ते मोजू. पाणी ३०० लिटर, म्हणजे ३०० किलो. डिझेल १५० लिटर, १२५ किलोच्या पुढे. १० मिलीमीटरची साखळी मीटरला २.३ किलो भरते, ६० मीटर घेतली की १४० किलो झाले, वर नांगर २० किलो, आणि हे सगळं बरोब्बर नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकात), जिथे वजन सगळ्यात नकोसं. चार माणसं ३०० किलो. त्यांचे कपडे, धान्य, गॅस सिलिंडर, पुस्तकं. लाइफराफ्ट, डिंगी (छोटी होडी), आउटबोर्ड, जादा बॅटऱ्या, सोलर पॅनल आणि त्यासाठी मागे उभारलेली स्टीलची कमान, स्पेअर पार्टची पेटी, जादा शीड. सहज १३०० ते १४०० किलो, म्हणजे ३,००० पाउंड. १५,००० ची बोट १८,००० ची झाली.

आता आकडे परत काढा. डिस्प्लेसमेंट-लेंग्थ रेशो, म्हणजे वजन लाँग टनात, भागिले वॉटरलाइनच्या शंभराव्या भागाचा घन. रिकामी असताना १५६, म्हणजे हलकी आणि चपळ गटात. भरल्यावर १८७. शिडं ७०० चौरस फूट धरली तर सेल एरिया-डिस्प्लेसमेंट रेशो (वजनाच्या मानाने शिडांचं बळ) रिकामी असताना १८.४, भरल्यावर १६.३. बोट तीच, शिडं तीच, पण ब्रोशरमधली ‘परफॉर्मन्स क्रूझर’ आता साधी क्रूझर झाली. रस्टलरचं वजन मुळातच १६,८०० पाउंडांच्या आसपास, डिस्प्लेसमेंट-लेंग्थ ३८५ च्या घरात, ती रिकामी असतानाच जड आहे, तिच्यावर तेवढंच सामान टाकलं तरी टक्केवारीत फरक तुलनेने कमी पडतो आणि वागणूक फारशी बदलत नाही. हलकी बोट वाईट असं मी म्हणत नाहीये, हलक्या वाऱ्यात, म्हणजे आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी जो मंद वारा असतो त्यात, ती जे सुख देते ते जड बोट देऊच शकत नाही. पण हलकी बोट घेतली तर तिला हलकी ठेवायची शिस्त पण घ्यावी लागते, आणि ती शिस्त बहुतेकांना जमत नाही, दर सीझनला एक पेटी वाढते.

इथेच अजून दोन छोट्या चुका होतात. एक, युनिट. डिस्प्लेसमेंट-लेंग्थच्या जुन्या सूत्रात लाँग टन लागतो, २,२४० पाउंडांचा, १,०१६ किलोचा. कुणी किलो टाकतं, कुणी अमेरिकन २,००० पाउंडांचा टन टाकतं आणि मग दोन बोटींची तुलना करत बसतं. दोन, शिडांचं क्षेत्रफळ. काही ठिकाणी मेन (मुख्य शीड) अधिक पुढचा पूर्ण त्रिकोण एवढंच धरतात, काही ठिकाणी १४० टक्के जेनोआ (डोलकाठीच्या मागे जाणारं मोठं पुढचं शीड) धरून आकडा फुगवतात. ७०० च्या जागी ८२० लिहिलं की तोच रेशो १८.४ चा २१.६ होतो आणि क्रूझर एकदम रेसर वाटायला लागते. तुलना करताना सगळ्यांना एकच माप लावा, मेन आणि १०० टक्के त्रिकोण.

एका सुरक्षा-नंबरवर भरवसा टाकणे

ऑगस्ट १९७९ च्या फास्टनेट रेसमध्ये ३०३ बोटी निघाल्या, मध्येच वादळाने गाठलं, १५ स्पर्धक मेले, २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, त्यातल्या ५ बुडाल्या. त्यानंतर बोटी उलटतात का आणि उलटल्यावर उलट्याच का राहतात यावर खूप काम झालं, आणि अमेरिकेतल्या अभ्यासातून कॅप्साइज स्क्रीनिंग फॉर्म्युला आला. रुंदी फुटात, भागिले (वजन पाउंडात भागिले ६४) चं घनमूळ. २ च्या खाली आलं तर ठीक, वर आलं तर खोल समुद्रासाठी विचार करा. रस्टलरचा येतो १.७२. आपल्या ३८ फुटीचा २.११.

आता मगाशी चढवलेलं सामान आठवा. वजन १८,००० केलं की तोच नंबर १.९८ येतो. म्हणजे सूत्राच्या मते बोट सुरक्षित झाली! पण तुम्ही ते वजन कुठे ठेवलंत? डिंगी डेकवर, सोलर पॅनल कमानीवर, रडार मास्टवर (डोलकाठीवर), जेरीकॅन रेलिंगला बांधलेले. गुरुत्वमध्य वर गेला, बोट प्रत्यक्षात जास्त धोकादायक झाली, आणि नंबर मात्र सुधारला. सूत्रात गुरुत्वमध्य कुठेच नाही, मास्टच्या टोकाला शिसं बांधलं तरी त्याला काही कळणार नाही. तो चाळणी म्हणून केला होता, चाळणी म्हणूनच वापरा.

कम्फर्ट रेशोचं पण तसंच. टेड ब्रूअर या आरेखकाने तो काढला, रस्टलरचा ३६ च्या घरात येतो, ३८ फुटीचा २१. बोट लाटेवर किती झटके मारेल याचा अंदाज त्यातून येतो आणि एकाच प्रकारच्या दोन बोटींत तो बरा चालतो. पण त्यात बुडाचा आकार नाही, पुढचं बूड सपाट आहे की व्ही आहे ते नाही, आणि समुद्र लागून ओकाऱ्या होणाऱ्या माणसाला तेच जास्त जाणवतं.

खरं मागायचं ते स्टॅबिलिटी कर्व्ह, जीझेड कर्व्ह म्हणतात तो, कलल्यावर बोटीला परत उभं करणारा जोर दाखवणारा आलेख, आणि त्यातला एव्हीएस, म्हणजे किती अंशापर्यंत कलली तरी बोट स्वतःहून परत उभी राहते तो कोन. युरोपात विकलेल्या नव्या बोटींना १९९८ पासून डिझाइन कॅटेगरी सक्तीची आहे, आणि कॅटेगरी ए, म्हणजे ब्यूफोर्ट ८ च्या वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरच्या लाटा, यासाठी एव्हीएस किमान १३० वजा टनातल्या वजनाच्या दुप्पट एवढा लागतो, आणि १०० च्या खाली चालतच नाही. ७ टनी बोटीला ११६ अंश झाले. इथे लोक काय करतात, पाटीवर ए लिहिलंय बघून निश्चिंत होतात. ए हा किमान उंबरठा आहे. ११६ ची बोट आणि १४० ची बोट, दोन्ही ए, पण उलटी झाल्यावर ११६ वाली जास्त वेळ उलटी राहू शकते. आणि कर्व्ह कुठल्या मास्टचा काढला ते पण विचारा, कारण नंतर कुणी इन-मास्ट फर्लिंग (मास्टच्या आत शीड गुंडाळणारी यंत्रणा) बसवलं असेल तर सगळं शीड आणि त्याचा रॉड कायम वर राहतो, रीफ केलं (शीड कमी केलं) तरी वजन खाली येत नाही.

बॅलास्ट रेशोबद्दल एवढंच, टक्केवारीबरोबर खोली विचारा. रस्टलरचा ४५ टक्क्यांच्या आसपास, नव्या बोटींचा २५-३० टक्के असतो, पण २ मीटर खोल फिनच्या तळाला बल्ब (जड फुगीर गोळा) असेल तर कमी शिसं पण जास्त काम करतं. त्याच बोटीचं उथळ कीलवालं मॉडेल आलं की गणित परत बदलतं. आपल्या कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, म्हणून दीड मीटर ड्राफ्टचा (पाण्याखालच्या खोलीचा) मोह होतो आणि तो रास्तही आहे, फक्त वाऱ्याच्या विरुद्ध चढताना त्याची किंमत मोजावी लागते हे आधीच माहीत असू द्या.

छान दिवशी, सपाट पाण्यात, रिकाम्या बोटीवर चाचणी घेणे

विकणारा माणूस चांगला दिवस निवडणारच, त्यात त्याचा दोष नाही. १२ नॉट वारा, लाट नाही, सहा जण कॉकपिटमध्ये हसतायत, बोट ७ नॉट दाखवतेय. या परिस्थितीत वाईट चालणारी बोट शोधून सापडणार नाही.

पहिलं म्हणजे ७ नॉट कुठे दाखवतेय ते बघा. जीपीएसवर दिसतो तो जमिनीवरचा वेग, त्यात भरती-ओहोटीचा प्रवाह मिसळलेला. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत प्रवाह दोन नॉटच्या पुढे सहज असतो, तिकडे इंग्लंडात सोलेंटमध्ये पण तेच, ओहोटीबरोबर गेलात तर ५ ची बोट ७ ची दिसते. वेग बघायचा तर पाण्यातला लॉग (पाण्यातला वेग मोजणारं यंत्र) बघा, आणि लॉगच्या चक्रीत शेवाळ अडकलं असेल तर तोही खोटं बोलतो, म्हणून एकाच इंजिन स्पीडवर एकदा जाऊन लगेच उलट्या दिशेने परत या आणि दोन्ही जीपीएस वेगांची सरासरी काढा, ती लॉगशी जुळते का बघा. दहा मिनिटांचं काम आहे, जवळजवळ कुणी करत नाही.

दुसरं, वाऱ्याबरोबर चालवून खूश होऊ नका. खरा वारा १४ नॉट आणि बोट ६ नॉटने मागचा वारा घेऊन चाललीय तर डेकवर ८ च नॉट लागतात, सगळं शांत वाटतं. तीच बोट वाऱ्याकडे वळवा, डेकवर १८-१९ नॉट लागतील, आणि बोटीचा खरा स्वभाव तेव्हा दिसेल. क्लोज हॉल्ड करून (वाऱ्याच्या जमेल तितकं जवळ जाऊन) दोन्ही टॅकवर (वारा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घेत) कंपासचा कोर्स लिहून घ्या, दोघांतला फरक म्हणजे टॅकिंग अँगल. चांगली शिडं असलेली क्रूझर ९० ते १०० अंशांत वळते. नंतर जीपीएसचा ट्रॅक बघा, त्यात लीवे (वाऱ्याने आडवं सरकणं) आणि प्रवाह दोन्ही येतात, कंपासवर ९५ दिसलं आणि ट्रॅकवर ११५ निघालं तर बोट आडवी सरकतेय किंवा प्रवाह आहे, प्रवाह नसलेल्या वेळी परत बघा.

तिसरं, तुम्ही दोघंच चालवणार असाल तर बाकीच्यांना शांत बसायला सांगा आणि दोघांनीच टॅक करा, दोघांनीच रीफ घ्या. हेल्म सोडून मास्टपर्यंत जावं लागतं का, शीटचा (शिडाच्या दोराचा) विंच हेल्मवरून हाताला येतो का, मेन उतरवताना अडकते का. २० नॉटमध्ये रात्री हेच करायचंय. शक्य असेल तर टाक्या भरायला लावा, आणि ऑटोपायलटवर पण पंधरा मिनिटं सोडून बघा, कारण लांबच्या प्रवासात बहुतेक वेळ तोच चालवतो, तुम्ही नाही.

पोलर डायग्राम (कुठल्या वाऱ्यात बोट किती वेगाने जाईल त्याचा आलेख) असेल तर छानच, पण तो संगणकाने काढलेला असतो, स्वच्छ बूड, नवी शिडं, सपाट पाणी, तरबेज क्रू धरून. त्यातून दोन बोटींची तुलना करा, स्वतःच्या पोचायच्या वेळा काढू नका.

बोट नीट चालत नाही म्हणून डिझाइनला दोष देणे

चाचणीत काही खटकलं की लोक लगेच म्हणतात बोटच अशी आहे, आणि चांगली बोट हातची जाते. किंवा उलट, विकणारा म्हणतो नुसतं ट्रिम (शिडांची जुळवणी) आहे, आणि तो डिझाइनचा दोष निघतो जो आयुष्यभर जात नाही. कुठला कुठला ते ओळखता आलं पाहिजे.

हेल्म जड लागतोय, बोट सारखी वाऱ्याकडे वळायला बघतेय. आधी कलण्याचा कोन बघा. २५ अंशांच्या पुढे कलली असेल तर रुंद बुडाची कुठलीही बोट वाऱ्याकडे चढणारच, ट्रॅव्हलर (मेनचा आडवा सरकता आधार) खाली सोडा, रीफ घ्या, २० च्या आत आणा आणि मग बोला. तरीही जड? मेनकडे बघा. जुन्या मेनचं पोट मागे सरकलेलं असतं, कितीही ताणलं तरी सपाट होत नाही, हे वेदर हेल्मचं (वाऱ्याकडे वळायच्या ओढीचं) सगळ्यात नेहमीचं कारण आणि नव्या शिडाने जातं. मग मास्ट मागे जास्त झुकलाय का, फोरस्टे (मास्टला पुढून धरणारी तार) ढिला आहे का. ३ ते ५ अंश रडरवर बोट सरळ जात असेल तर ते बरंच आहे, तेवढा वेदर हेल्म हवाच, कायम १० अंश लावावे लागत असतील तर ते ब्रेक लावून चालल्यासारखं आहे. आणि बोट बांधलेली असतानाच चाक फिरवून बघा, तिथेच जड लागत असेल तर बिचाऱ्या शिडांचा काही दोष नाही, रडरचं बेअरिंग किंवा केबल आहे.

बोट संथ वाटतेय. पाण्यात उतरून बूड बघा किंवा बघायला लावा. आपल्या गरम पाण्यात मूरिंगवर उभ्या बोटीला बार्नेकल फार पटकन लागतात, प्रोपेलरवर आधी. तीन पात्यांचा फिक्स प्रोपेलर असेल तर हलक्या वाऱ्यात अर्धा नॉट आणि कधीकधी त्याहून जास्त तिथेच जातो, फोल्डिंग किंवा फेदरिंग प्रोपेलरने तो परत मिळतो. हे दोन्ही तपासल्याशिवाय बोट संथ आहे असं म्हणू नका.

वर चढत नाही, पॉइंट करत नाही (वाऱ्याच्या जवळ जात नाही). फोरस्टेचा झोल बघा, फर्लिंग जेनोआ अर्धा गुंडाळून चालवलाय का बघा, अर्धा गुंडाळलेला जेनोआ म्हणजे पिशवी. छोट्या जिबवर (लहान पुढच्या शिडावर) परत बघा. तेवढं करून पण नाही चढली आणि कील उथळ असेल, तर तो डिझाइनचा भाग, तो जाणार नाही.

लाटेवर आपटतेय. पुढचं बूड सपाट आणि रुंद असेल तर आपटणारच, पाच-दहा अंश उतरून आणि थोडी कलती ठेवून कमी होतं, बंद होत नाही. हा दोष घेऊन जगता येईल का ते तुमचं तुम्ही ठरवा. पण चाचणीच्या सपाट पाण्यात तो दिसणारच नाही, म्हणून मुद्दाम एखाद्या फेरीबोटीची लाट समोरून घेऊन बघा. तेवढ्याने पण अंदाज येतो.

इंजिनवर पूर्ण आरपीएम गाठत नाही आणि काळा धूर. बूड-प्रोपेलर घाण, किंवा प्रोपेलरचा पिच जास्त, किंवा हवेचा मार्ग तुंबलेला. इंजिन गेलं असं लगेच धरू नका, आणि काही नाही असं पण धरू नका. सेलड्राइव्ह (इंजिनाचा बुडातून थेट खाली जाणारा प्रोपेलरचा पाय) असेल तर बुडाच्या भोकातला रबरी डायाफ्राम कधी बदलला ते विचारा, व्हॉल्वो पेंटा तो ७ वर्षांनी बदलायला सांगते, आणि कागद नसेल तर बदललेला नाही असं समजा.

बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) पाणी. हाताचं बोट त्यात बुडवून ओठाला लावून बघा. खारट तर रडर, शाफ्ट, सीकॉक (बुडातली झडप), कील बोल्ट. गोडं तर टाकी, किंवा मास्टमधून उतरलेलं पावसाचं, किंवा डेकवरून झिरपलेलं, आणि डेकमधून झिरपलेलं गोडं पाणी कधीकधी खाऱ्यापेक्षा महाग पडतं कारण सँडविच डेकचा आतला बाल्सा (हलकं लाकूड) कुजलेला असतो.

कील आणि रडर वरवर बघून सोडणे

मे २०१४ मध्ये चीकी राफिकी नावाची ४० फुटी बोट अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परत येताना अटलांटिकमध्ये उलटली, कील तुटून गेली होती, चारही जण गेले. ब्रिटिश सागरी अपघात तपासात पुढे आलं की ती आधी तळाला घासलेली होती, आणि बुडाला आतून चिकटवलेल्या सांगाड्याचा, मॅट्रिक्स म्हणतात त्याचा, जोड सुटला असेल तर तो वरून बघून ओळखणं अवघड असतं. म्हणून बोट कधी टेकली होती का, हे विचाराच, आणि ‘हलकीशी’ असं उत्तर आलं तर सर्व्हेअरला मुद्दाम सांगा. कीलच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी बुडाला भेगा, आत फ्लोअर उचलून मॅट्रिक्सच्या कडेला केसासारख्या रेषा, कील बोल्टभोवती गंजाचे ओघळ. बोट उचललेली असताना कीलच्या टोकाला दोन माणसांनी जोर लावून हलतेय का बघायचं.

स्पेड रडर खूप छान वळवतो, मरीनात मागे घेताना लाँग कीलवाले ज्याचा हेवा करतात तो हाच. पण त्याला आधार एकाच शाफ्टचा. २०२० पासून जिब्राल्टर-पोर्तुगालच्या किनाऱ्यावर ऑर्का (किलर व्हेल) याच आकाराच्या सेलबोटींचे रडर तोडतायत आणि काही बोटी बुडाल्यात पण. तुम्ही तिकडे जाणार नसाल तरी वाहती जाळी आणि ओंडके आपल्याकडे भरपूर आहेत. रडर मोडला तर आत पाणी कुठपर्यंत येईल, तिथे बंद होणारी भिंत आहे का, इमर्जन्सी टिलर कुठे आहे, तो खरंच बसतो का. काढून, बसवून, दोन मिनिटं त्यावर बोट चालवून बघा.

रिगिंगबद्दल फार लिहीत नाही, स्टीलच्या तारा १०-१२ वर्षांच्या पुढे गेल्या असतील तर इन्शुरन्सवाले कटकट करतात आणि बरोबर करतात. बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. मास्ट पडला की काय होतं ते २०१८ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये, सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात दिसलं, गोव्यात बांधलेली थुरिया, सुहैलीचीच प्रतिकृती, वादळात मास्ट गमावून बसली आणि पाठीला जबर इजा झालेल्या अभिलाष टॉमींना फ्रेंच जहाजाने उचललं. त्याच शर्यतीत पहिल्या तिन्ही बोटी रस्टलर ३६ होत्या, आणि जिंकणारे ७३ वर्षांचे ज्याँ-लुक व्हान डेन हीड यांची बोटसुद्धा वाटेत आडवी होऊन मास्टची बांधणी ढिली झाली होती, त्यांनी ती समुद्रातच वर चढून सावरली.

बंदरात बसून केबिन आवडणे

तीन डबल बेड, मोठ्ठा सलून, वर खिडक्याच खिडक्या. बोट शोमध्ये हे फार आवडतं आणि घरच्यांना पण हेच आवडतं. आता मनात ती २० अंश कलती करा. रुंद केबिनमध्ये एका बाजूहून दुसरीकडे जाताना मध्ये हाताला धरायला काही आहे का? मागच्या डबल बेडवर मध्ये फळी किंवा कापड लावल्याशिवाय कोण झोपणार? चालत्या बोटीत झोपायला मधल्या भागातला सरळ, अरुंद, लीक्लॉथवाला (पडू नये म्हणून बाजूला कापड लावलेला) सोफा लागतो, असे दोन आहेत का मोजा. किचन यू किंवा एल आकाराचं असेल तर अंग टेकवून चहा करता येतो, सरळ भिंतीला लावलेलं असेल तर एका टॅकवर भांडी तुमच्या अंगावर येतात. टॉयलेट जिन्याच्या जवळ हवं, ओल्या कपड्यांत पुढे नाळेपर्यंत जावं लागू नये. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात डेकवरचे हॅच किती उघडतात हे उत्तरेतल्या थंडीसाठी केलेल्या बोटींत आवर्जून बघा.

बोट पसंत पडलीच तर सौदा पक्का करायच्या आधी एक शेवटची तपासणी करा. टाक्या भरून, साखळी आत टाकून, जेवढी माणसं नेहमी जाणार तेवढी चढवून, सपाट पाण्यात डिंगीतून बोटीभोवती एक चक्कर मारा आणि बुडाच्या रंगाची वरची रेघ पाण्यापासून किती वर आहे ते पुढे, मध्ये आणि मागे मोजून लिहा. ३८ फुटी बोट एक इंच बुडायला ६०० किलोच्या आसपास लागतात. रेघ आधीच पाण्याखाली असेल आणि अजून डिंगी, लाइफराफ्ट, बॅटऱ्या चढायच्या असतील, तर त्या बोटीचे खरे आकडे कुठल्याच कागदावर नाहीत, ते नव्या वजनाने तुम्हाला स्वतः काढावे लागतील. नाळ जास्त बुडाली असेल तर साखळी ६० च्या जागी ३० मीटर आणि पुढे जाड दोर असं करून परत मोजा, बऱ्याच बोटी तेवढ्यानेच वर येतात आणि लाटेवर पण हलक्या चढतात.